एकदाच भेटणारे शब्द

“पाठ्यपुस्तकंच पुरी होत नाहीत, वर गोष्टीची पुस्तकं कशाला?” पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. बऱ्याच शाळांत 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, पुस्तकांचे कपाट उघडते आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा कुलूप लागते. दोन्हींच्या मुळाशी एकच समज आहे: मुळाक्षरे, बाराखडी, जोडाक्षरे झाली की मूल वाचायला शिकले, त्यानंतरचे वाचन म्हणजे हौस. हा समज चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे चक्क आकडेमोडीने दाखवता येते.

पहिलीतले मूल ‘विशेष’ हा शब्द अक्षर अक्षर जुळवत वाचते. आपण तसे वाचत नाही. शब्दावर आपली नजर साधारण पाव सेकंद टेकते आणि तेवढ्यात तो ओळखू येतो. मधल्या काळात काय घडते? इस्रायलमधले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड शेअर यांनी 1995 मध्ये याचे सविस्तर उत्तर मांडले. अनोळखी शब्द मूल स्वतः जुळवून बरोबर वाचते, तेव्हा त्या शब्दाचे लेखी रूप, उच्चार आणि अर्थ यांची मेंदूत एक गाठ बसते. तोच शब्द आणखी काही वेळा भेटला की गाठ पक्की होते आणि जुळवण्याची गरज उरत नाही. म्हणजे मूल प्रत्येक शब्द स्वतःच स्वतःला शिकवत असते. शेअर यांनी हिब्रू वाचणाऱ्या लहान मुलांना गोष्टी दिल्या. त्यांत गावांची, प्राण्यांची बनावट नावे चार किंवा सहा वेळा आली होती. तीन दिवसांनी त्याच नावाची दोन स्पेलिंगे समोर ठेवली, उच्चार अगदी सारखा, आणि मुलांनी बहुतेक वेळा गोष्टीत पाहिलेलेच निवडले. मराठीत ‘विशेष’ की ‘विषेश’ हे कान सांगू शकत नाही, कारण बोलताना श आणि ष आपण सारखेच उच्चारतो. ज्याच्या डोळ्यांखालून तो शब्द पुरेशा वेळा गेला आहे, त्याचाच हात अडखळत नाही.

आता खरा प्रश्न: मुलाला प्रत्येक शब्द ‘आणखी काही वेळा’ भेटतो कुठे?

इथे जॉर्ज झिफ या अमेरिकी अभ्यासकाच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम लागू पडतो. गेल्या शतकात त्यांनी दाखवले की कुठल्याही भाषेतला मोठा मजकूर घ्या, शब्द किती वेळा आले ते मोजा आणि उतरत्या क्रमाने लावा. दुसऱ्या क्रमांकाचा शब्द पहिल्याच्या साधारण निम्म्या वेळा येतो, दहावा एकदशांश वेळा, शंभरावा एकशतांश वेळा. प्रत्यक्षात आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण हिशेबापुरता नियम काटेकोर धरू. एका मुलाने वर्षभरात सुमारे एक लाख शब्द वाचले. सर्वांत जास्त येणारा शब्द, ‘आहे’ किंवा ‘आणि’सारखा, 10,000 वेळा आला. मग शंभरावा शब्द 100 वेळा, हजारावा 10 वेळा, पाच हजारावा 2 वेळा आणि दहा हजारावा फक्त 1 वेळा येईल. या सगळ्या वेळांची बेरीज लाखाच्या जवळ जाते. आता नीट पाहा: 5,001 ते 10,000 क्रमांकांचे शब्द, म्हणजे एकूण वेगवेगळ्या शब्दांपैकी निम्मे, वर्षभरात एकदाच भेटले! खऱ्या मजकुरांतही एकदाच येणाऱ्या शब्दांचे प्रमाण निम्म्याच्या आसपासच निघते. गाठ पक्की व्हायला चार भेटी लागतात असे धरले, तर ती अट पुरी करणारे शब्द 2,500 च, म्हणजे चौथा हिस्सा.

मुलाने दुप्पट वाचले, पण वेगवेगळी पुस्तके वाचली, तर चार वेळा भेटलेले शब्द जवळजवळ 4,800 होतात. पाठ्यपुस्तकच दुसऱ्यांदा वाचले तर वाचलेलेच पक्के होते, नवा शब्द एकही भेटत नाही. म्हणून पुस्तकांची विविधता ही चैन नव्हे.

मराठीत ही अडचण आणखी वाढते. ‘पाऊस’ हा एक शब्द, पण डोळ्यांना भेटतात पाऊस, पावसात, पावसाने, पावसातल्या. विभक्ती आणि सामान्यरूपांमुळे एका शब्दाची कितीतरी रूपे होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला कमी भेटी येतात. शिवाय इंग्रजीत 26 अक्षरे, तर आपल्याकडे बाराखडीच चारशेच्या पुढे जाते, जोडाक्षरे वेगळी. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड शाळांत केलेल्या अभ्यासात दिसले की मुलांचे अक्षरज्ञान चौथीपर्यंत आणि त्यापुढेही वाढतच असते. मराठी लिपीची घडणही तशीच आहे. तेव्हा पहिली-दुसरीत लिपी ‘झाली’ असे मानणे घाईचे ठरते.

मेंदूबद्दल थोडे सांगायला हवे, कारण या विषयात पालकांची फसवणूक फार होते. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे, म्हणजे मध्यमेंदू ‘जागा’ करून देण्याचे, वर्ग हजारो रुपये घेऊन मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावतात. ती मुले नाकाशेजारच्या फटीतून बघतात, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वारंवार उघड केले आहे. पालकांनी यावर एक रुपयाही घालवू नये. मध्यमेंदूवर वाचनाचा परिणाम पाहायचा असेल तर 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. लखनऊजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवली. त्यांच्या मेंदूतले दृष्टीचे भाग आणि थॅलॅमस (संदेश पुढे पोचवणारा आतला भाग) व मध्यमेंदूतले काही भाग यांच्या सक्रियतेचे चढउतार आधीपेक्षा अधिक जुळून आले. तिशीतही देवनागरी शिकल्याने मेंदूत बदल होतो, हे किती उमेद देणारे आहे!

“आता टॅबमध्येच सगळी पुस्तके आहेत की,” असेही म्हटले जाते. पेरू देशाने खेड्यापाड्यांतल्या मुलांना लॅपटॉप दिले, त्यांत सुमारे 200 पुस्तके भरलेली होती. 319 शाळांच्या पाहणीचा अहवाल 2012 मध्ये आला: भाषा आणि गणिताच्या गुणांत फरक नाही, वाचनाच्या सवयीतही नाही. पुस्तक हाताशी असणे पुरत नाही. कुठले घ्यावे हे सुचवणारे, वाचून झाल्यावर विचारणारे माणूस लागते. ते काम ग्रंथपालाचे, आणि आपल्या प्राथमिक शाळांत ते पदच नसते.

तरीही संगणक ग्रंथालयातच ठेवावा, असे मला मनापासून वाटते. सहावी-सातवीच्या मुलांनी वाचलेल्या गोष्टीची चार पाने स्वतः टाइप करावीत आणि स्प्रेडशीटमध्ये शब्द मोजावेत. झिफचा नियम त्यांना स्वतःच्या हाताने सापडेल. ‘कि’ टाइप करताना आधी क, मग वेलांटी द्यावी लागते. पडद्यावर मात्र वेलांटी क च्या आधी दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या जागतिक पद्धतीत, ती उच्चाराच्या क्रमाने साठवलेली असते. ‘क्ष’ म्हणजे क, हलंत आणि ष, असे तीन संकेत. लिपी आणि संगणक दोन्ही एकाच तासाला शिकून होतात.

राहिला कुलपाचा प्रश्न. पुस्तक हरवले तर भरपाई आपल्याकडून होईल, ही भीती शिक्षकांना असते. केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांत दरवर्षी दिल्या-घेतल्या गेलेल्या 1,000 पुस्तकांमागे 5 पुस्तके गहाळ होणे वाजवी मानले आहे; अट अशी, की त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. शाळेच्या व्यवस्थापन समितीने असाच ठराव करून तो देवघेव नोंदवहीच्या पहिल्या पानावर चिकटवावा आणि किल्ली मुलांच्या हाती द्यावी.