हवेची कयाक नेमकी कोणाची वंशज?

हवा भरायची कयाक घ्यावी की कनू, असा प्रश्न पडला की माणूस दोन्ही एकेकदा पाण्यात घालून बघतो. वजन, वेग, डोलणं सगळं ताडून पाहतो आणि तरी उत्तर हाती लागत नाही. मला वाटतं, गोंधळ होड्यांपेक्षा त्यांच्या नावांत जास्त आहे. आज जिला सर्रास हवेची कयाक म्हणतात ती घडणीनं कयाक नाहीच, आणि ते कसं झालं हे कळायला फार मागं जायची गरज नाही.

आर्क्टिकमधली कातड्याची कयाक आणि उत्तर अमेरिकेतली बर्चच्या सालीची कनू वाचकांना ठाऊक असेलच. त्यातलं एवढंच लक्षात ठेवू: कयाक अरुंद, बुटकी आणि वरून बंद, शिकारी तीत पाय पसरून बसायचा. कनू उघडी, उंच काठांची, माणसांबरोबर सामानही वाहणारी. ती गुडघ्यांवर बसून चालवायची. बुटक्या होडीत दोन्ही बाजूंचं पाणी हाताशी येतं, म्हणून वल्ह्याला दोन पाती. उंच काठावरून वाकून मारायचं असेल तर एकच पातं सोयीचं. वल्हं हा होडीच्या आकाराचा परिणाम होता, ओळख नव्हे.

ही ओळख उलटीपालटी झाली १८६५ साली. एका स्कॉटिश वकिलानं ओक आणि सीडरच्या लाकडाची, साधारण १५ फुटांची छोटी होडी बांधून घेतली आणि युरोपातल्या नद्या-सरोवरांतून तो एकटा फिरून आला. होडी वरून बंद, बसायला मध्ये खळगा, हातात दोन पात्यांचं वल्हं. सगळी लक्षणं कयाकची. त्यानं मात्र तिला कनू म्हटलं. दुसऱ्याच वर्षी त्याचं प्रवासवर्णन आलं, ते भरपूर खपलं, त्यातून या खेळाचा पहिला क्लब निघाला, आणि क्लबानंही तेच नाव उचललं. तेव्हापासून ब्रिटिश वापरात कनू या शब्दात दोन्ही होड्या मावू लागल्या. खऱ्या कनूला ‘कॅनेडियन कनू’ नाहीतर ‘उघडी कनू’ असं विशेषण लावून फिरावं लागलं. घरमालकानंच स्वतःच्या घराचं भाडं भरावं, तसं.

विसाव्या शतकात आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली तेव्हा हे दुरुस्त करता आलं असतं. केलं नाही. १९३६ मध्ये हा खेळ पदकांसह ऑलिंपिकमध्ये आला तो कनू या एकाच छत्राखाली, आणि आत के आणि सी अशी अक्षरं लावून कयाक व कनू वेगळ्या केल्या गेल्या. अक्षरं असली की झालं, असं म्हणणारे आजही आहेत. मला ते पटत नाही, कारण या शब्दानं एक मोठी उणीव झाकून ठेवली. ‘कनूच्या खेळात महिला १९४८ पासून ऑलिंपिकमध्ये आहेत’ हे विधान कागदावर खरं होतं. पण त्या सगळ्या स्पर्धा कयाकच्या होत्या. गुडघा टेकून एका पात्याचं वल्हं मारणाऱ्या महिलेला पदकाची संधी मिळाली ती टोकियोत, २०२१ मध्ये. मधली ७३ वर्षं एका ढिल्या शब्दानं आरामात पोटात घातली.

आता हवेकडे वळू. फुगवलेल्या कातड्यावर पोटावर पडून नदी ओलांडणारे लोक प्राचीन इराकमधल्या असिरियाच्या शिल्पांत दिसतात, इतकी ती कल्पना जुनी आहे. तिला कापड मिळालं ते एकोणिसाव्या शतकात, रबर चढवलेलं. १८४०च्या दशकात ब्रिटिश नौदलातल्या एका लेफ्टनंटनं अंगावर झग्यासारखी घालायची आणि हवा भरली की होडी व्हायची, अशी वस्तू तयार केली. नौदलाला तिचा सर्वसाधारण उपयोग दिसला नाही. आर्क्टिक मोहिमांत मात्र ती वापरली गेली. हवेची होडी कयाकच्या माहेरी जाऊन आली, पण नातं काही जुळलं नाही.

ते जुळवलं घडीच्या होडीनं. १९०५ साली म्युनिकमध्ये वास्तुकलेच्या एका विद्यार्थ्यानं बांबूच्या सांगाड्यावर कापड ताणून पिशव्यांत मावणारी होडी केली. दोन वर्षांत तिचं व्यापारी उत्पादन सुरू झालं. आगगाडीनं जायचं, नदीकाठी होडी जोडायची, संध्याकाळी पुन्हा घडी करायची. १९३६च्या ऑलिंपिकमध्ये घडीच्या होड्यांच्या वेगळ्या शर्यतीही होत्या. त्यानंतर कधीच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर या होड्यांच्या दोन्ही कुशींत हवेच्या नळ्या आल्या. अशाच एका होडीतून १९५६ मध्ये निघालेला एक जर्मन डॉक्टर ७२ दिवसांत अटलांटिक पार करून गेला. पुढचं पाऊल सरळ होतं: सांगाडा काढून टाका, नळ्या जाड करा. वर झाकण उरलं नाही, अरुंदपणाही गेला. कयाकचं म्हणून राहिलं ते बसणं आणि वल्हं. नाव त्या वल्ह्यावरून पडलं.

एकाच दिवशी, एकाच पाण्यावर दोन्ही चालवल्या तेव्हा हा इतिहास मला हातांनी कळला. हवेच्या कयाकमध्ये दर वल्ह्याला कोपराखालचा भाग ओल्या नळीवर घासतो. दोन पात्यांचं वल्हं अरुंद होडीसाठी जन्मलं, इथं ते जाडजूड कुशीवरून पलीकडे न्यावं लागतं. दर फटक्याला नाक डावी-उजवीकडे हलतं, आणि वारा सुटला की हलकी होडी पाण्यावरून पानासारखी सरकते. कनूही वाऱ्याला उंच काठ देतेच, पण ती वजनानं पाण्यात बसते, आणि वल्ह्याच्या शेवटी अंगठा खाली वळवून पातं बाहेर ढकललं की परत रेषेवर येते. उलट उथळ, दगडाळ पाण्यात हवेची होडी दगडावरून टुणकन उतरते, तिथं कनूबद्दल जीव वर-खाली होत असतो.

एक गोष्ट पंप मारणाऱ्यानं विसरू नये. उन्हात टणक भरलेल्या नळ्या थंड पाण्यात गेल्या की आतली हवा आकसते आणि होडी मधोमध वाकते. मग ती पाणी ढकलत चालते आणि दोष कयाकला लागतो. पाण्यात ठेवून पाच-दहा मिनिटांनी पुन्हा पंप मारला की तीच होडी वेगळी वाटते. काठावर आणून उन्हात ठेवायची असेल तर थोडी हवा सोडायची, नाहीतर शिवणींवर ताण येतो.

गेल्या काही वर्षांत तळासाठी दुपदरी कापड आलं आहे. दोन पदर हजारो आखूड धाग्यांनी एकमेकांना बांधलेले असतात, त्यामुळे हवा भरली तरी तळ गोल न होता फळीसारखा सपाट राहतो. साध्या नळ्यांत दोन-तीन पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा पुरते, यात आठ-दहापर्यंत भरतात. हे कापड १९५०च्या दशकात फुगवायच्या विमानाच्या पंखांसाठी वापरलं गेलं आणि उभ्यानं वल्हवायच्या फळ्यांमुळे ते सर्वांपर्यंत पोहोचलं. यामुळे काही हवेच्या होड्या पुन्हा अरुंद आणि टोकदार होऊ लागल्या आहेत, काहींना पुढे-मागे झाकणही आलं आहे. त्यांना कयाक म्हणायला माझी हरकत नाही. दुसऱ्या बाजूला हवेच्या ‘कनू’ही विकल्या जातात. त्यांच्यात आणि हवेच्या साध्या कयाकमध्ये पुष्कळदा फरक उरतो तो बैठकीची उंची आणि सोबत मिळालेलं वल्हं, एवढाच.