राष्ट्रसंघाचे सोळावे कलम : आक्रमण झाले हे ठरवायचे कोणी?

पहिल्या महायुद्धानंतर शांतता राखण्यासाठी स्थापन झालेला जिनिव्हातील राष्ट्रसंघ, म्हणजे आजच्या संयुक्त राष्ट्रांचा पूर्वसूरी, का अपयशी ठरला, या प्रश्नाला दोन उत्तरे हमखास मिळतात : अमेरिका बाहेर राहिली, आणि प्रत्येक निर्णयाला एकमताची अट होती. पहिल्या उत्तराबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. दुसरे अर्धेच खरे आहे, आणि ते सतत पुढे केल्यामुळे राष्ट्रसंघाच्या सर्व सदस्यांच्या आमसभेने १९२१ साली घेतलेला एक निर्णय झाकला जातो.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. एकोणिसाव्या शतकात राष्ट्रांना सहकार्याची सवय लागली ती तार आणि टपाल यांसारख्या बिनवादाच्या कामांत. तारसेवेचा आंतरराष्ट्रीय संघ १८६५ मध्ये आणि टपालाचा १८७४ मध्ये स्थापन झाला. टपाल संघात हिंदुस्थान १८७६ मध्येच दाखल झाला होता. युद्धाच्या बाबतीत मात्र १८९९ आणि १९०७ च्या हेग परिषदांची मजल ऐच्छिक लवादापलीकडे गेली नाही. तेथे उभारलेले लवादाचे कायम न्यायालय म्हणजे प्रत्यक्षात लवाद म्हणून नेमता येतील अशा व्यक्तींची एक यादी होती, आणि आपला वाद तिच्याकडे नेण्याचे बंधन कोणावरही नव्हते.

व्हर्सायच्या तहाबरोबर १० जानेवारी १९२० रोजी अमलात आलेल्या राष्ट्रसंघाच्या सनदेने हे ऐच्छिकपण संपवण्याचा प्रयत्न केला. वाद लवादाकडे, न्यायालयाकडे किंवा राष्ट्रसंघाच्या परिषदेकडे न्यावा आणि निवाडा अथवा अहवाल आल्यानंतरही तीन महिने युद्धाला हात घालू नये, असे बंधन तिने सदस्यांवर घातले. ते मोडून युद्ध करणाऱ्याने इतर सर्व सदस्यांविरुद्धच युद्ध केले असे मानावे आणि सर्वांनी त्याच्याशी असलेले व्यापारी व आर्थिक संबंध तत्काळ तोडावेत, असे सोळावे कलम सांगत होते. लष्करी कारवाईबाबत परिषदेला फक्त शिफारस करता येत होती. आर्थिक बहिष्कार मात्र, निदान कागदावर, आपोआप लागू होणारा होता. सही करणाऱ्यांत हिंदुस्थानही होता. नंतर येणाऱ्यांसाठी घातलेली पूर्ण स्वशासनाची अट मूळ सदस्य म्हणून त्याला लागू झाली नाही, आणि ब्रिटिश साम्राज्याला अशी जादा मते मिळतात हा अमेरिकी सिनेटमधील विरोधकांचा एक मोठा आक्षेप होता.

ऑक्टोबर १९२१ मध्ये, पहिला बिकट प्रसंग येण्यापूर्वीच, आमसभेने सोळाव्या कलमाचा अर्थ लावणारे ठराव संमत केले. सनदेचा भंग झाला आहे की नाही हे प्रत्येक सदस्याने स्वतः ठरवावे, परिषदेने आपले मत कळवून कृतीचे आवाहन करावे आणि आर्थिक दबाव टप्प्याटप्प्याने वाढवावा, असा त्यांचा आशय होता. कलमात रीतसर दुरुस्ती करण्याचाही प्रयत्न झाला, पण पुरेशा सदस्यांनी मान्यता न दिल्यामुळे ती अमलात आली नाही. परिणामी सनदेचा मजकूर एक सांगत राहिला आणि व्यवहार दुसऱ्याच वाटेने चालला. या ठरावांच्या समर्थकांचे म्हणणे पोकळ नव्हते : अमेरिका बाहेर असताना नाकेबंदी केली तर तिच्या जहाजांशी गाठ पडणार होती, आणि बलाढ्य शेजाऱ्यांलगतच्या लहान देशांना तत्काळ संबंध तोडणे परवडणारे नव्हते. तरीही ज्या शब्दांमुळे आक्रमकाला धाक वाटण्याचा संभव होता, नेमके तेच शब्द येथे सैल केले गेले, हे मान्य करावे लागते.

दोनच वर्षांनी सदस्यांच्या भूभागाची हमी देणाऱ्या दहाव्या कलमाचाही असाच अर्थ लावण्याचा ठराव कॅनडाच्या आग्रहाने मतास आला. २९ मते बाजूने पडली, विरोधात एकट्या इराणचे मत पडले आणि बाकीचे अलिप्त किंवा गैरहजर राहिले. नियमाप्रमाणे ठराव बारगळला, पण अध्यक्षांनी तो फेटाळल्याचे जाहीर केले नाही. एकमताच्या अटीचा उपयोग येथे एका दुबळ्या देशाने सनद शाबूत ठेवण्यासाठी केला, ही गोष्ट तिच्यावर टीका करणारे सहसा सांगत नाहीत.

सप्टेंबर १९३१ मध्ये जपानने चीनच्या ईशान्येकडील मांचुरियात सैन्य घुसवले तेव्हा चीनने प्रथम अकराव्या कलमाचा आधार घेतला. त्या कलमाखाली वादातील पक्षाचे मतही मोजले जात असे, त्यामुळे २४ ऑक्टोबरचा सैन्यमाघारीचा ठराव १३ विरुद्ध १ अशा मतांनी अडला. पुढे पंधराव्या कलमाखाली पक्षांची मते वगळली जाऊ लागल्यावर ही अडचण संपली आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये आमसभेने चौकशीवर आधारलेला अहवाल ४२ विरुद्ध १ मताने स्वीकारला. जपानी प्रतिनिधी सभागृहातून निघून गेले, पण निर्बंध आले नाहीत. सनदेचा भंग झाला की नाही हे प्रत्येकाने ठरवायचे होते, आणि ते कोणीच ठरवले नाही.

इटलीने ३ ऑक्टोबर १९३५ रोजी अ‍ॅबिसिनियावर (आजच्या इथिओपियावर) हल्ला केला तेव्हा मात्र १९२१ चाच ठराव उपयोगी पडला. प्रत्येक देशाने स्वतंत्रपणे मत नोंदवल्यामुळे इटलीचा नकार अडसर ठरला नाही आणि सुमारे पन्नास देशांनी आक्रमण झाल्याचे मान्य केले. एकमताच्या अटीवर सगळा दोष टाकणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर तपासावा. १८ नोव्हेंबरपासून निर्बंध लागू झाले, पण तेल, कोळसा आणि पोलाद त्यांतून वगळले होते, आणि सुएझ कालव्यातून इटलीची सैनिकी जहाजे जातच राहिली. तेलबंदी केली तरी इटली अमेरिकेकडून तेल घेईल, हे सांगितलेले कारण होते. इटली जर्मनीकडे झुकेल आणि युद्ध अंगावर येईल, ही खरी धास्ती ब्रिटन आणि फ्रान्स यांना होती. दबाव टप्प्याटप्प्याने वाढवण्याची सोय ठरावात होतीच, आणि तिचाच आधार घेऊन पुढचा टप्पा लांबणीवर पडत गेला. मे १९३६ मध्ये तेथील राजधानी अदिस अबाबा पडले आणि जुलैत निर्बंध उठवण्यात आले.

सॅन फ्रान्सिस्को येथे १९४५ मध्ये मंजूर झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने ठरवण्याचा हा अधिकार सदस्यांकडून काढून घेतला. शांततेला धोका आहे का, तिचा भंग झाला का, आक्रमण झाले का, हे ३९ व्या कलमानुसार सुरक्षा परिषदेने ठरवायचे असते आणि तिचे निर्णय सर्वांवर बंधनकारक असतात. वाद सामोपचाराने मिटवण्यासंबंधीच्या सहाव्या प्रकरणाखाली वादातील पक्षाने मतदानापासून दूर राहावे, असा नियम आहे. सक्तीच्या कारवाईच्या सातव्या प्रकरणाला तो लागू होत नाही. त्यामुळे आरोप पाच कायम सदस्यांपैकी एखाद्यावर असला तर त्याचा नकाराधिकारही लागू राहतो आणि कारवाई तेथेच थांबते.