एलजीबीटी मानसशास्त्र : विद्यार्थी-गौरव

लैंगिक कल आणि लिंगभाव यांविषयी मानसशास्त्रात मोलाची भर घालणाऱ्या पदव्युत्तर व पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना दिले जाणारे पुरस्कार व संशोधनवृत्ती. एलजीबीटी म्हणजे समलिंगी स्त्री-पुरुष, उभयलैंगिक आणि पारलिंगी व्यक्ती. ही प्रथा प्रामुख्याने अमेरिकेत रुजली.

तिथे अशा संशोधनाला महत्त्वाचे वळण मिळाले तेच एका विद्यार्थ्याच्या आग्रहातून. आमच्यासारख्यांचा अभ्यास करा, अशी गळ एका समलिंगी माजी विद्यार्थ्याने मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हुकर यांना घातली. त्यांनी ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुषांच्या वय, शिक्षण व बुद्ध्यांक जुळवून जोड्या लावल्या आणि व्यक्तिमत्त्व चाचण्यांची उत्तरे ओळख झाकून तज्ज्ञांपुढे ठेवली. समलिंगी कोण, हे तज्ज्ञांना सांगता आले नाही. हा अभ्यास १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. तरीही समलैंगिकता मानसिक विकारांच्या अमेरिकी यादीतून वगळायला १९७३ साल उजाडले. त्याच्या आदल्याच वर्षी मानसोपचारतज्ज्ञ जॉन फ्रायर यांना डॅलसच्या अधिवेशनात आपण समलिंगी असल्याचे सांगताना मुखवटा घालावा लागला होता, आवाजही बदलावा लागला होता. नाव फुटले असते तर नोकरीवर गदा येण्याची भीती होती. प्रस्थापित डॉक्टरची ही गत, तर मार्गदर्शकाच्या शिफारशीवर ज्याचे भवितव्य ठरते त्या विद्यार्थ्याने हा विषय घ्यायचा कसा? या गौरवांचे खरे महत्त्व इथे आहे. प्रबंधाचा विषय मान्यताप्राप्त आहे, अशी ग्वाही व्यावसायिक संघटनाच देते.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचा ४४ क्रमांकाचा विभाग १९८५ मध्ये याच क्षेत्रासाठी स्थापन झाला. त्याची मॅलियन-स्मिथ शिष्यवृत्ती विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठी आहे. रॉय स्क्रिव्हनर यांच्या स्मरणार्थ दिले जाणारे अनुदान एलजीबीटी कुटुंबांच्या अभ्यासाला मिळते. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीतही १९९८ पासून या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे.

रक्कम लहान असली तरी तिची गरज मोठी असते. ओळख लपवून जगणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचणे, त्यांचा विश्वास मिळवणे, तासन्‌तास चाललेल्या मुलाखती शब्दशः उतरवून घेणे, यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. मात्र केवळ प्रबंधालाच दाद देणे अपुरे ठरते. समुपदेशन केंद्रातले काम, धाकट्या विद्यार्थ्यांना दिलेला आधार, विभागातल्या भेदभावाविरुद्ध घेतलेली भूमिका हेही या क्षेत्राला पुढे नेणारे योगदानच आहे. निवड करताना अर्जदाराची स्वतःची लैंगिक ओळख विचारणे गैर. पारितोषिकाच्या यादीत नाव छापण्यापूर्वी त्याची संमती घेणेही तितकेच आवश्यक.