चेंडू नव्हे, चेंडूचा खेळ

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात चेसर नावाची बॉर्डर कॉली कुत्री होती. मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक जॉन पिली यांनी तिला तीन वर्षांत १,०२२ वस्तूंची नावं शिकवली: कापडी प्राणी, चेंडू, फ्रिसबी, प्लॅस्टिकची खेळणी. नाव घेतलं की ती नेमकी तीच वस्तू उचलून आणायची. २०११ साली शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि बोलबाला झाला तो तिच्या शब्दसंग्रहाचा. मला त्याहून मोलाची वाटते ती पिलींची पद्धत. त्यांचा भर खाऊवर नव्हता. चेसरनं बरोबर वस्तू आणली की तिच्याशी खेळायचं, हेच बक्षीस.

खेळण्यात पोट भरण्यासारखं काहीच नाही, मग कुत्रा त्यासाठी इतकी मेहनत का घेतो? उत्तर शिकारीत आहे. लांडग्याची शिकार म्हणजे एकामागून एक येणाऱ्या कृती: हेरणं, टक लावणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, मारणं, फाडून खाणं. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवडून पैदास करताना यातल्या काही कृती ठळक केल्या, काही मंदावल्या. मेंढ्या वळवणाऱ्या बॉर्डर कॉलीत टक लावणं आणि पाठलाग उरला, रिट्रीव्हरमध्ये वस्तू तोंडात अलगद धरून आणणं. भूक नसली तरी या कृती करण्यातच कुत्र्याला आनंद मिळतो. म्हणूनच एकाला चेंडूमागे धावायचं असतं, दुसऱ्याला दोरीची ओढाओढ हवी असते, तर तिसरा चिंधी तोंडात धरून झटकत बसतो. महागडं खेळणं आणण्याआधी आपला कुत्रा यातला कोणता, हे बघायला हवं.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. जमिनीवर पडलेला चेंडू पळत नाही, त्यामुळे तो शिकार वाटत नाही. त्याला पळवतो माणूस. दिवसभर घरात लोळणारी खेळणी बक्षीस म्हणून फिकी पडतात ती यामुळेच. शिकवण्यासाठीचं खेळणं कपाटात ठेवावं, सरावापुरतंच बाहेर काढावं, आणि कुत्र्याचा उत्साह ओसरायच्या आत खेळ थांबवावा.

ओढाओढीत कुत्र्याला जिंकू दिलं तर तो डोक्यावर बसतो, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. ब्रिटनमधल्या निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी १४ गोल्डन रिट्रीव्हरांवर हे तपासलं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जिंकलेले कुत्रे शिरजोर झाल्याचं दिसलं नाही. उलट, जिंको वा हरो, खेळानंतर ते माणसाकडे अधिक लक्ष देत होते. तेव्हा बिनधास्त जिंकू द्या. फक्त ‘सोड’ म्हटल्यावर सोडायला आधी शिकवा. तोंडातलं खेळणं हिसकावू नका. दुसरं तसंच खेळणं हलवून दाखवा आणि पहिलं सोडताक्षणी खेळ पुन्हा सुरू करा. सोडलं तरी खेळ संपत नाही, हे कुत्र्याला पटलं की झटापट उरत नाही.

मात्र प्रत्येक धड्याला खेळणं चालत नाही. खेळानं अंगात जोश चढतो. धावत येणं, शोधणं, आणून देणं यांसाठी तो हवाच. बॉम्ब किंवा अमली पदार्थ हुंगून शोधणाऱ्या अनेक कुत्र्यांना बक्षीस म्हणून चेंडूच मिळतो. पण पाहुणे आल्यावर शांत बसणं किंवा नखं कापून घेणं शिकवताना खाऊचा बारीक तुकडाच बरा.

चेंडू असा निवडावा की तो गिळला जाणार नाही आणि घशात अडकणार नाही. झाडाची काठी फेकू नये, तिचं टोक तोंडात घुसतं. पिल्लाचे दात पडत असतील तर ओढाओढ हलक्या हातानंच करावी.