राखेचा आकडा बेकरेलमध्ये आहे का मिलिसिव्हर्टमध्ये?

थर्मलच्या (कोळशावरच्या वीजकेंद्राच्या) राखेत इतके इतके बेकरेल निघाले असा मेसेज गावच्या ग्रुपवर आला की कोराडी-खापरखेड्याकडची, चंद्रपूरकडची माणसं धसका घेतात, आणि त्यात बऱ्याचदा गडबड एवढीच असते की बेकरेल आणि मिलिसिव्हर्ट एकच समजून वाचलं जातं.

बेकरेल हा किरणोत्सर्गी मालाचा हिशोब. सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकरेल, बस, मग तो थैलीत फुटो की तुमच्या छातीत. माणसाच्या अंगाला त्यातला किरणोत्सर्ग किती लागला, म्हणजे डोस, ते मिलिसिव्हर्ट सांगतो, आणि आपल्याकडे जनतेसाठी मर्यादा आहे ती यातच, वर्षाला १ मिलिसिव्हर्ट, निसर्गातून आणि एक्स-रे वगैरेतून येणारं सोडून.

वावरात टाकतो ते लाल पोटॅशच घ्या नं. किलोला साधारण १५ हजार बेकरेल, सगळे पोटॅशियम-४० चे, म्हणजे पोटॅशियमच्याच किरणोत्सर्गी प्रकाराचे. थर्मलच्या राखेत रेडियम आणि थोरियम (कोळशात मुळातच असणारे किरणोत्सर्गी पदार्थ) बहुतेक वेळा किलोला शे-दोनशेच्या आतबाहेर (कोळसा जळून जातो पण हे जळत नाहीत, राखेतच उरतात, म्हणून साध्या मातीपेक्षा जास्त). मग पोटॅशची थैली घरात ठेवून कोणाला काही काहून होत नाही? कारण शरीर पोटॅशियम लागेल तेवढंच ठेवतं, जास्तीचं लघवीतून टाकून देतं, आणि थैलीजवळ आपण बसतो तरी किती वेळ.

राखेचं गणित वेगळं आहे. युरेनियम-थोरियम फुटत फुटत रेडियमसारखे पदार्थ बनतात, त्या साखळीतून निघणारे अल्फा कण कातडीच्या वरच अडतात, पण तीच राख उन्हाळ्यात राखेच्या तलावावरून उडून श्वासात गेली तर फुफ्फुसात बसून डोस देते, बेकरेल तेवढेच, मिलिसिव्हर्ट वेगळे. तरीही थर्मलजवळ राहणाऱ्याला हवेतून मिळणारा डोस साधारणपणे त्या १ च्या मानाने फारच थोडा असतो, आणि राखेच्या विटांच्या घरात खिडक्या उघड्या ठेवल्या की रेडॉनही (रेडियममधून निघणारा किरणोत्सर्गी वायू) साचत नाही.

म्हणून जनसुनावणीत नुसते बेकरेल वाचून दाखवले तर थांबवा आणि विचारा, कोणाला, कोणत्या वाटेने, वर्षाला किती मिलिसिव्हर्ट. राखेवर पाणी मारतात का, ट्रकवर ताडपत्री असते का, तेही तिथंच विचारा. आणि धुळीतली सिलिका किंवा विहिरीच्या पाण्यात उतरणारं आर्सेनिक या दोन्ही आकड्यांत कुठंच दिसत नाही, त्याची तपासणी वेगळी मागावी लागते.