कावी कला

गोवा, सिंधुदुर्ग आणि उत्तर कन्नड या किनारपट्टीत देवळांच्या व घरांच्या भिंती सजवण्याची परंपरागत पद्धत. रंग दोनच: तांबडा आणि पांढरा. गोव्यात पेडण्यातील मोरजीचे मोरजाई मंदिर आणि डिचोलीतील अडवलपालचे शर्वाणी मंदिर ही तिची महत्त्वाची ठिकाणे. दोन्ही नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी उशिरा जिंकलेल्या तालुक्यांत, येतात. तिसवाडी, बारदेश, साष्टी या जुन्या काबिजादीतील देवळे १६व्या शतकातच पाडली गेली. पेडणे, डिचोली पोर्तुगीज अमलाखाली गेले ते १८व्या शतकाच्या अखेरीस, म्हणून तिथली देवळे वाचली.

कावीला सरसकट भित्तिचित्र म्हटले जाते, पण कुंचल्याने रंगवलेले चित्र ते नव्हे. शिंपल्या भट्टीत भाजून चुना करतात. त्यात धुतलेली वाळू आणि गूळ घालून मिश्रण मुरत ठेवतात, मग कुटून एकजीव करतात. या गिलाव्यावर उरमुंजी या तांबड्या मातीचा थर चढतो. तो ओला आहे तोवरच कारागीर पट्टी-कंपासने आखणी करून टोकदार लोखंडी हत्याराने तांबडे खरवडतो आणि खालचा पांढरा चुना उघडा पडून नक्षी उमटते. वाळायच्या आत काम उरकायचे असल्याने एका वेळी भिंतीचा बेताचाच तुकडा हाती घेता येतो. एवढ्या घाईत काढलेल्या कमळाच्या पाकळ्या इतक्या सारख्या कशा, हे जवळून पाहताना खरोखर थक्क व्हायला होते. वेलबुट्टी, भौमितिक जाळ्या आणि देवादिकांच्या आकृती हे इतर नेहमीचे विषय. युरोपातील स्ग्राफितो हे तंत्र याच जातीचे.

चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगडासारखा घट्ट होतो आणि रंग त्यातच बांधला जातो. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात कावी टिकली ती यामुळे.

तिचा खरा घात केला जीर्णोद्धारांनी. भाविकांनी मनापासून दिलेल्या देणग्यांतून टाइल्स, ग्रॅनाइट आणि ऑइलपेंट आले. जुना गिलावा खरवडून टाकला गेला. नक्षी गिलाव्यातच असल्याने ती वेगळी काढून जपता येत नाही. डागडुजीलाही चुनाच हवा: सिमेंट भिंतीतील ओल बाहेर पडू देत नाही, क्षार साठतात आणि शेजारची शाबूत नक्षीही पापुद्र्यांनी सुटू लागते.