पार्श्वभूमी : अ‍ॅपलच्या टीव्ही जाहिराती आणि प्रेक्षकांच्या तक्रारी

अ‍ॅपलच्या एखाद्या जाहिरातीवरून गदारोळ उठला की दोन वेगळ्या तक्रारी एकमेकींत मिसळून जातात. जाहिरातीने आपल्याला हिणवले, ही एक. जाहिरातीत सांगितले ते खरे नाही, ही दुसरी. पहिलीची चर्चा फार होते. तिच्यावर स्तंभ लिहिले जातात, कलावंत मते मांडतात, कंपनी कधी कधी माफीही मागते. दुसरी तक्रार करणारे मोजकेच असतात आणि त्यांची पत्रे नियामकाच्या फायलीत जातात. तरीही या कंपनीला आपल्या दाव्यातले शब्द जेव्हा जेव्हा मागे घ्यावे लागले, तेव्हा तेव्हा कारण बहुधा ही मोजकी माणसेच होती. म्हणून या टिपणाचा भर त्यांच्यावर आहे.

१९८४ च्या हातोड्याच्या (एक तरुणी मोठ्या पडद्यावर हातोडा फेकते त्या) जाहिरातीबद्दल वाचकांना नव्याने सांगावे असे फारसे नाही. २२ जानेवारीला सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात ती दाखवली गेली, दोन दिवसांनी मॅकिंटॉश हा संगणक आला, संचालक मंडळाला ती आधी मुळीच पसंत नव्हती, आणि वृत्तवाहिन्यांनी ती बातमी म्हणून पुन्हा दाखवून कंपनीचा प्रचार फुकटात केला. एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. त्या साठ सेकंदांत संगणक चालताना दिसतच नाही. वेग नाही, किंमत नाही, क्षमता नाही. पडताळून पाहता येईल असे त्यात काही नव्हते, त्यामुळे प्रेक्षक भारावले किंवा बुचकळ्यात पडले, पण खोटे बोललात असे कोणी म्हणू शकत नव्हते.

पुढच्याच वर्षी हे बदलले. जानेवारी १९८५ च्या सुपर बोलमध्ये डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली, सुटाबुटातली माणसे शीळ वाजवत एकामागोमाग कड्यावरून खाली पडताना दाखवली. ज्यांच्याकडून कार्यालयांसाठी खरेदी व्हायची होती, त्या अधिकाऱ्यांनाच ती आपली थट्टा वाटली. ही जाहिरात फसली ती या अपमानामुळे, असे आजही सर्रास लिहिले जाते. पण ती ज्यासाठी होती त्या ‘मॅकिंटॉश ऑफिस’ या कार्यालयीन यंत्रणेतला फाइल सर्व्हर, म्हणजे सर्वांच्या फायली एकत्र ठेवणारे यंत्र, तेव्हा तयारच नव्हते. लेझर प्रिंटर होता, यंत्रे जोडायची तार होती आणि मधला महत्त्वाचा भाग गायब होता. माझ्या मते खरे दुखणे तिथे होते. त्या वर्षी कंपनीने सुमारे १,२०० जणांना कामावरून कमी केले, पहिल्यांदाच एका तिमाहीत तोटा नोंदवला, आणि सप्टेंबरमध्ये तिचा सहसंस्थापक बाहेर पडला. या सगळ्याचे खापर एका जाहिरातीवर फोडता येणार नाही, पण जे तयार नाही ते विकायला काढण्याची सवय तिच्यात स्पष्ट दिसते.

नव्वदीच्या दशकातले फार रेंगाळण्यासारखे नाही. १९९७ च्या ‘थिंक डिफरंट’वर व्याकरणाचा वाद झाला आणि विरला. १९९८ मध्ये इंटेलची पेंटियम २ चिप गोगलगाईच्या पाठीवर बसवलेली जाहिरात आली. लोकांना ती आवडली. तिच्यातला ‘दुपटीपर्यंत वेगवान’ हा दावा एका ठरावीक चाचणीच्या पूर्णांकी (अपूर्णांक नसलेल्या आकड्यांच्या) गणितावर उभा होता, याकडे तेव्हा प्रेक्षकांपैकी फारसे कोणी पाहिले नाही.

२००३ मध्ये ते पाहिले गेले. त्या वर्षी जूनमध्ये पॉवर मॅक जी५ हा संगणक जाहीर झाला. सोबत बिरुद होते : जगातला सर्वांत वेगवान, सर्वांत शक्तिशाली पर्सनल कॉम्प्युटर. टीव्हीवरच्या जाहिरातीत या यंत्राच्या जोरामुळे एक माणूस भिंतीमागून भिंत फोडत घराबाहेर फेकला जातो. ब्रिटनमध्ये ती पाहून आठ प्रेक्षकांनी तक्रार केली आणि नोव्हेंबरमध्ये तिथल्या टीव्ही नियामकाने निकाल दिला की दावा सिद्ध होत नाही, आहे त्या रूपात जाहिरात पुन्हा दाखवू नये.

हा निकाल वादग्रस्त ठरला आणि त्याला कारणही होते. ब्रिटनमध्ये टीव्ही जाहिरात प्रक्षेपणाआधी एका पूर्वतपासणी केंद्राकडून मंजूर करून घ्यावी लागते. म्हणजे आधी एका संस्थेने पुरावा पाहून हिरवा कंदील दाखवायचा आणि नंतर दुसऱ्या संस्थेने तोच पुरावा अपुरा ठरवायचा, असे झाले. अ‍ॅपलच्या चाहत्यांनी यावर बराच संताप व्यक्त केला : आठ जणांच्या तक्रारीवर जाहिरात बंद पडते ती कशी? पण तक्रारदार किती, हा प्रश्नच इथे गैरलागू आहे. बेरीज चुकली असेल तर ती दाखवायला एक माणूस पुरतो.

पुरावा काय होता ते पाहण्यासारखे आहे. कंपनीने बाहेरच्या प्रयोगशाळेकडून स्पेक या, प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या, परिचित चाचण्या करून घेतल्या. समोर इंटेलची पेंटियम ४ आणि दोन झेऑन चिप असलेली यंत्रे होती. दोन्ही बाजूंना एकच मुक्त कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम चिपला समजेल अशा भाषेत बदलणारे सॉफ्टवेअर), जीसीसी, वापरला. कंपनीचे म्हणणे असे की कंपायलर सारखा ठेवला तरच चिपची तुलना होते. विरोधकांचे म्हणणे असे की इंटेलच्या यंत्रावर इंटेलचा कंपायलर वापरणारे लोक आहेत, आणि तो वापरला की गुण बरेच वाढतात. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. मात्र कंपनीच्याच तक्त्यात पूर्णांकी गणिताच्या एकेरी चाचणीत जी५ ला ८०० गुण होते आणि पेंटियम ४ ला ८८९. फ्लोटिंग पॉइंटच्या, म्हणजे अपूर्णांकी गणिताच्या, चाचणीत चित्र उलटे होते : जी५ ८४०, पेंटियम ४ ६९३. दोन प्रोसेसरांनी मिळून करायच्या कामांत जी५ पुढे होता. यावरून ‘काही कामांत सर्वांत वेगवान’ असे म्हणता आले असते. टीव्हीवर मात्र ‘काही कामांत’ हे दोन शब्द नव्हते, आणि तक्रार नेमकी त्यांच्याबद्दल होती.

दुसरा गुंता ‘पर्सनल कॉम्प्युटर’ या नावाचा. जी५ हा पहिला ६४-बिट (एका वेळी ६४ बिटांचे आकडे हाताळणारा) पर्सनल कॉम्प्युटर, असाही कंपनीचा दावा होता. पण इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीची ऑप्टेरॉन ही ६४-बिट चिप एप्रिल २००३ मध्येच आली होती आणि ती बसवलेली वर्कस्टेशन, म्हणजे व्यावसायिक कामांची ताकदवान यंत्रे, विक्रीला होती. जी५ ग्राहकांच्या हाती पडू लागला ऑगस्टमध्ये. मग पहिला ६४-बिट पर्सनल कॉम्प्युटर कोणता? वर्कस्टेशन वेगळी जात मानली तर मान जी५ चा. पण वर्कस्टेशनही एकाच माणसाच्या टेबलावर असते, एकाच माणसाचे काम करते. उलट दोन प्रोसेसरचा जी५ २,९९९ डॉलरला होता आणि त्याचा मोठा ग्राहक चित्रपट संकलक, ध्वनिमुद्रक, संशोधक, म्हणजे वर्कस्टेशन घेणाराच वर्ग होता. एएमडीची घरगुती ६४-बिट चिप सप्टेंबरात आली, म्हणजे अ‍ॅपलच्या बाजूने बोलायचे तर काही आठवडे त्यांचा दावा एका अर्थाने टिकतो. पण तो टिकवायला सीमारेषा स्वतःच आखावी लागते, आणि जो स्पर्धेत उतरला आहे त्यानेच मैदानाची हद्द ठरवावी हे कोणत्याही नियामकाला मान्य होणार नाही.

अमेरिकेत हेच प्रकरण प्रेक्षकांकडून नव्हे, तर एका प्रतिस्पर्धी संगणक कंपनीकडून उभे राहिले. जाहिरात उद्योगाच्या स्वनियामक मंडळाने २००४ मध्ये ‘सर्वांत वेगवान, सर्वांत शक्तिशाली’ हा दावा सोडावा अशी शिफारस केली. कंपनीने अपील केले, तेही फेटाळले गेले. ही शिफारस कायद्याने बांधील नसते, पण ती सहसा पाळली जाते. ब्रिटनमध्येही व्यवस्था बदलली : निकाल देणारी टीव्ही नियामक संस्था २००३ च्या अखेरीस बरखास्त होऊन तिचे काम नव्या संस्थेकडे गेले आणि नोव्हेंबर २००४ पासून टीव्ही जाहिरातींच्या तक्रारी तिथल्या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियामकाकडे जाऊ लागल्या. ब्रिटनमधली पुढची प्रकरणे त्या दारात आली.

वेगाच्या या वादाचा निकाल शेवटी बाजारानेच लावला. जून २००५ मध्ये अ‍ॅपलने इंटेलच्या चिपकडे वळत असल्याचे जाहीर केले आणि जानेवारी २००६ च्या जाहिरातीत इंटेलची चिप इतकी वर्षे कंटाळवाण्या खोक्यांत अडकून पडली होती असे सांगितले. ती खोकी बनवणाऱ्या कंपन्यांना ते झोंबले.

त्याच वर्षी मेमध्ये ‘गेट अ मॅक’ मालिका सुरू झाली. पांढऱ्या पार्श्वभूमीवर दोन माणसे, एक मॅक आणि एक पीसी. २००३ मध्ये मॅक हा सर्वांत वेगवान पर्सनल कॉम्प्युटर होता, आता तो पर्सनल कॉम्प्युटरच नव्हता. मालिका २००९ पर्यंत चालली, ६६ भाग झाले, पुरस्कार मिळाले. प्रेक्षकांची प्रतिक्रिया मात्र कंपनीच्या अपेक्षेबाहेरही गेली. अनेकांना गबाळा, धडपडणारा पीसीच जवळचा वाटला आणि मॅक शिष्ट. ब्रिटनमध्ये भूमिका एका प्रसिद्ध विनोदी जोडीला दिल्या आणि तिथल्या एका स्तंभलेखकाने नेमके हेच लिहिले. जपानमध्ये थेट तुलना असभ्य मानली जाते म्हणून तिथली आवृत्ती मवाळ केली होती. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साध्या माणसांच्या तोंडी ‘मी पीसी आहे’ हे वाक्य घालून उत्तर दिले.

या मालिकेवरची चर्चा शिष्टपणावरच अडकली, याची मला खंत वाटते. तिच्या एका भागात पीसी शिंकत असतो, १,१४,००० विषाणूंचा उल्लेख होतो आणि मॅक निरोगी उभा असतो. यंत्र बदलले की चिंता मिटली, असे त्यातून लोकांच्या मनात ठसले. एप्रिल २०१२ मध्ये फ्लॅशबॅक या घातक प्रोग्रॅमने सहा लाखांवर मॅक बाधित झाल्याचे उघड झाले आणि जूनपर्यंत कंपनीच्या संकेतस्थळावरचे ‘पीसीचे विषाणू याला होत नाहीत’ हे वाक्य जाऊन ‘सुरक्षित राहावा म्हणून बनवलेला’ अशा अर्थाचे मोघम वाक्य आले. ग्राहकांनी या विधानावर आधीच बोट ठेवायला हवे होते.

आयफोनच्या बाबतीत ब्रिटिश प्रेक्षकांनी ते ठेवले. ऑगस्ट २००८ मध्ये ‘इंटरनेटचे सर्व भाग आयफोनवर आहेत’ असे सांगणारी जाहिरात रोखली गेली. तक्रारदार होते दोन. त्यांचा मुद्दा साधा होता : या फोनवर फ्लॅश आणि जावा (अनेक संकेतस्थळांना लागणारी तंत्रे) चालत नाहीत, म्हणजे असंख्य पाने अर्धवटच दिसतात. सर्व संकेतस्थळांपर्यंत पोचता येते एवढेच आपल्याला म्हणायचे होते, असा बचाव कंपनीने केला. तो मान्य झाला नाही. नोव्हेंबरमध्ये १७ तक्रारींनंतर ‘खरोखर वेगवान’ ही थ्रीजीची जाहिरातही गेली. तिच्यात पाने डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उघडत होती आणि वेग ठिकाणानुसार बदलेल अशी सूचना खाली होती. सूचना खाली लिहिली म्हणून वर दाखवलेले खरे होत नाही, हा त्या निर्णयाचा गाभा होता, आणि मोबाइल जाहिरातींना तो फार उशिरा का होईना लागू झाला.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या काळातल्या ‘जीनियस’ जाहिराती ग्राहकांना अडाणी दाखवतात म्हणून नापसंत ठरल्या आणि लवकरच दिसेनाशा झाल्या. त्यानंतर मोठा वाद उसळला तो मे २०२४ मध्ये. नव्या आयपॅड प्रोच्या जाहिरातीत वाद्ये, रंगांचे डबे, कॅमेरे, मूर्ती एका अजस्र हायड्रॉलिक प्रेसखाली चिरडल्या जातात आणि वर येतो तो पातळ आयपॅड. ७ मेला ती प्रसिद्ध झाली, ९ मेला कंपनीच्या विपणन विभागातील एका उपाध्यक्षाने चूक झाल्याचे मान्य केले, आणि टीव्हीवर ती दाखवण्याचा बेत रद्द झाला. कलावंतांचा संताप खरा होता. आदल्याच वर्षी हॉलिवूडचे लेखक आणि अभिनेते संपावर होते, कृत्रिम बुद्धिमत्ता हा त्या संपाचा एक विषय होता, आणि जपानमधून वस्तूंच्या अनादराबद्दल खूप नाराजी व्यक्त झाली. तीन महिन्यांच्या आत थायलंडला मागासलेला दाखवणारा एक जाहिरातपट माफी मागून मागे घ्यावा लागला. दोन्ही वेळा कंपनी झटपट हलली, कारण माफी मागितली तरी उत्पादनाबद्दल केलेला कोणताही दावा मागे घ्यावा लागत नव्हता.

दाव्यांच्या बाबतीत ती एवढी चपळ नव्हती. सप्टेंबर २०२४ पासून आयफोन १६ च्या जाहिराती ‘अ‍ॅपल इंटेलिजन्स’च्या (कंपनीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयींच्या) नावावर चालल्या. त्यांतल्या एकीत काही महिन्यांपूर्वी भेटलेल्या माणसाचे नाव सिरीला, म्हणजे फोनमधल्या आवाजी मदतनिसाला, विचारले जाते आणि ती ते क्षणात शोधून देते. फोन बाजारात आला तेव्हा ही सोय त्यात नव्हती. ७ मार्च २०२५ ला ती आणखी लांबणीवर गेल्याचे कंपनीने कळवले, जाहिरात यूट्यूबवरून काढली, आणि त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयात ग्राहकांच्या वतीने सामूहिक दावा दाखल झाला. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या त्याच स्वनियामक यंत्रणेने, जिने जी५ चे प्रकरण हाताळले होते, ‘आता उपलब्ध’ हे शब्द बदलावेत किंवा काढावेत अशी शिफारस केली. काही निष्कर्ष पटत नसले तरी शिफारस पाळू, असे कंपनीने सांगितले.